फिश टँक ठेवायचा कुठे?

फिश टँक विकत घेणं सोपं असतं. दुकानदार टँक देतो, पंप देतो, रंगीत खडी देतो, तो उघड-मीट करणारा प्लॅस्टिकचा खजिन्याचा पेटाराही देतो. एक गोष्ट मात्र तो देत नाही, ती म्हणजे जागा. आणि जागेचा विषय निघाला की घरातल्या प्रत्येकाला मत असतं. खिडकीजवळ ठेवा म्हणजे उजेड मिळेल. टीव्हीशेजारी ठेवा म्हणजे पाहुण्यांना दिसेल. ईशान्येला ठेवा म्हणजे बरकत येईल. दाराजवळ नको, नजर लागते. वगैरे वगैरे.

गेले तीन वीकएंड मी या एकाच प्रश्नामागे लागलोय. सुरुवात झाली 'टँक खिडकीत ठेवावा की नाही' एवढ्या साध्या शंकेपासून, आणि पोचलो थेट एकोणिसाव्या शतकातल्या लंडनला. वाचता वाचता लक्षात आलं की ही भांडणं आपल्या घरातली नाहीतच. ती पावणेदोनशे वर्षांपूर्वीच सुरू झालीयेत आणि त्यात भलेभले रसायनशास्त्रज्ञ, एक सरदारपत्नी, एक धर्मनिष्ठ निसर्गअभ्यासक आणि एक मेलेली मांजर सामील आहेत. म्हणून म्हटलं, या शनिवारी हेच लिहून टाकू.

आधी मासे वरून बघायचे

पाळीव शोभेच्या माशांचा इतिहास चीनपासून सुरू होतो. सोंग राजवटीत तळ्यांमधून सोनेरी-लाल मासे निवडून वाढवले जात. पुढे मिंग राजवटीत हे मासे तळ्यातून निघून मातीच्या आणि चिनी मातीच्या मोठ्या कुंड्यांत आले. १५९६ साली चांग छियांद नावाच्या लेखकाने या लाल माशांवर एक पुस्तकच लिहिलं. म्हणजे बघा, आपल्याकडे अकबराचं राज्य चालू असताना तिकडे गोल्डफिशचं मॅन्युअल तयार होतं :-)

आता यातली गंमत अशी की कुंडीला पारदर्शक बाजू नसते. मासा दिसणार तो फक्त वरून. त्यामुळे निवड झाली ती वरून सुंदर दिसणाऱ्या माशांची. दुहेरी पसरलेली शेपटी, रुंद पाठ, बाहेर आलेले डोळे. आज आपण काचेतून बाजूने जे गोल्डफिश बघतो त्यांतल्या बऱ्याच जाती मुळात बाजूने बघायला बनवलेल्याच नाहीत. जपानमध्ये रांचू जातीचे मासे आजही उथळ भांड्यात ठेवून वरूनच पारखतात. तेव्हा 'कुठे ठेवायचा' या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं: अंगणात, जमिनीवर, जिथे वाकून बघता येईल तिथे.

युरोपात मासे घरात आले तेव्हा भांडंही आत आलं. सॅम्युएल पेपिस या लंडनच्या प्रसिद्ध रोजनिशीकाराने १६६५ साली एका घरी काचेच्या भांड्यात ठेवलेले परदेशी मासे पाहिल्याची नोंद केलीय. ते या पाण्यात कायमचे जगतात असं त्याला वाटलं. (पाळणाऱ्यानेच तसं सांगितलं असणार. दुकानदारांची ही परंपराही जुनीच दिसते.)

आणि आता ती मांजर. होरेस वॉलपोल हा इंग्लंडच्या पंतप्रधानाचा मुलगा आणि स्वतः नावाजलेला लेखक. त्याच्या लंडनच्या घरात गोल्डफिशची एक मोठी चिनी मातीची कुंडी होती. १७४७ साली त्याची लाडकी मांजर सेलिमा मासा पकडायला काठावरून वाकली आणि आत पडून बुडाली. त्याचा मित्र थॉमस ग्रे याने तिच्यावर एक कविता लिहिली आणि मांजर इंग्रजी साहित्यात अमर झाली. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर ही टाकीच्या जागेची पहिली नोंदवलेली दुर्घटना म्हणता येईल. धडा साधाच आहे, झाकण लावा.

खिडकी म्हणजेच पंप

खरा प्रश्न होता तो पाण्याचा. भांड्यातलं पाणी दोन-तीन दिवसांत खराब होतं आणि मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. पाणी रोज बदलायचं नसेल तर त्यात प्राणवायू यायचा कुठून?

याचं अर्धं उत्तर १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टलीला मिळालं होतं. मेणबत्तीने 'खराब' केलेली हवा पुदिन्याच्या रोपाने पुन्हा ताजी होते, हे त्याने दाखवलं. उरलेलं अर्धं १७७९ मध्ये यान इंगेनहाउझने सांगितलं: वनस्पती हे काम फक्त उजेडात करतात. अंधारात उलट त्याही हवा खराब करतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग १८२९ साली नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या लंडनच्या डॉक्टरने पतंगाचा एक कोश बंद बाटलीत ओल्या मातीवर ठेवला. कोशाचं काय व्हायचं ते झालं, पण मातीतून एक नेचा आणि थोडं गवत उगवलं, आणि बाटली न उघडताही ते जगत राहिलं. त्यातून आली 'वॉर्डची पेटी'. या काचेच्या पेट्यांमधून पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिमालयातल्या कंपनी सरकारच्या मळ्यांपर्यंत जिवंत आणली. तुमच्या सकाळच्या कपाचा आणि फिश टँकचा असा लांबचा नातेसंबंध आहे.

दरम्यान दोन बायका या प्रश्नावर आपापल्या परीने काम करत होत्या, आणि दोघींचीही नावं सहसा शेवटी घेतली जातात. पहिली जान विलप्र-पॉवर. मूळची फ्रान्समधली, शिवणकाम करणारी, लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिना शहरात राहायला आलेली. ऑर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसच्या कुळातला प्राणी आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं ढापतो, असा तेव्हा वाद होता. तो सोडवायचा तर प्राणी जिवंत बघायला हवा. म्हणून तिने १८३२ च्या सुमारास घरात ठेवायच्या काचेच्या टाक्या केल्या आणि समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरेही केले. कवच तो स्वतःच बनवतो, हे तिने सिद्ध केलं.

दुसरी अ‍ॅना थिन. १८४६ साली डेव्हनच्या किनाऱ्यावर टॉर्कीला तिला काही प्रवाळ सापडले. ते लंडनला न्यायचे म्हणून तिने ते सुई-दोऱ्याने एका स्पंजला शिवून टाकले आणि बरणीत घातले! तिचा नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधला मोठा धर्माधिकारी, त्यामुळे घर थेट लंडनच्या मध्यात, समुद्र कोसो दूर. रोज समुद्राचं पाणी आणणार कुठून? मग तिने युक्ती काढली. उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतायचं, पुन्हा परत ओतायचं, असं अर्धा-पाऊण तास. म्हणजे हवा मिसळते. आता हे काम रोज कोण करणार? घरकाम करणारी मुलगी.

माझ्या वाचनातला हा सगळ्यात आवडता भाग आहे. जगातला पहिला एअर पंप म्हणावा तर तो त्या मुलीचे हात होते, आणि तिचं नाव कुठे सापडत नाही. टाकीची जागाही तिच्या कामावरून ठरलेली: खिडकीसमोर, कारण हवा तिथे.

पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळं घातली आणि हातांचं काम उजेडावर सोपवलं. हीच कल्पना शास्त्राच्या भाषेत मांडली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने. तो लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये काम करायचा. मे १८४९ मध्ये त्याने १२ गॅलनची (म्हणजे आपल्या ५५ लिटरची) टाकी भरली. दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती, तळाला वाळू-माती. थोड्या दिवसांनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि चक्र पूर्ण झालं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. मासा देतो कर्बवायू, वनस्पती देते प्राणवायू, गोगलगाय झाडू मारते. पाणी बदलायची गरज नाही. अट एकच. टाकीला उजेड हवा.

तेव्हा टाकी गेली खिडकीत.

दोन कर उठले आणि ताप चढला

पण खिडकी म्हणजे काय, हे त्या काळच्या इंग्लंडला विचारा. तिथे १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. घराला जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी चक्क विटा लावून खिडक्या बुजवल्या होत्या. तशी घरं अजून दिसतात. शिवाय काचेवर वेगळा कर होता. काचेवरचा कर उठला १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये. मधोमध, १८५० ला, वॉरिंग्टनचा निबंध. म्हणजे स्वस्त काच, मोकळी खिडकी आणि पाणी न बदलता मासे जगवायची कृती, तिन्ही गोष्टी सहा वर्षांच्या आत मध्यमवर्गाच्या हातात पडल्या. यात कुणाचं नियोजन नव्हतं. पण प्रॉडक्ट लाँचला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोखंड आणि काचेच्या इमारतीत 'फिश हाउस' उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय. त्यासाठी प्राणी जमवणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस होता. 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द त्यानेच रूढ केला. त्याआधी 'व्हिव्हेरियम', 'अ‍ॅक्वा-व्हिव्हेरियम' असले जिभेला व्यायाम देणारे शब्द चालायचे. (लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ गुरांना पाणी पाजायची जागा!) १८५४ मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, रंगीत चित्रांसह, आणि इंग्लंडला ताप चढला.

ताप हा शब्द मी वापरत नाहीये, तेव्हाचेच लोक वापरत होते. बैठकीच्या खोलीत पडदे, पियानो आणि खिडकीत समुद्राची टाकी. शर्ली हिबर्ड या लेखकाने १८५६ मध्ये घर सजावटीवर पुस्तक लिहिलं, त्यात अ‍ॅक्वेरियमला मानाचं स्थान. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने घरातली टाकी फुटून दिवाणखान्यात मासे, ईल आणि बेडूक फडफडताहेत असली व्यंगचित्रं छापली. जर्मनीत एमिल आडोल्फ रॉसमेस्लर या निसर्गअभ्यासकाने १८५६ मध्ये एका कौटुंबिक मासिकात 'काचेतलं तळं' अशा अर्थाच्या नावाचा लेख लिहिला. समुद्र दूर असलेल्या जर्मन घरांत गोड्या पाण्याच्या टाक्या आल्या, त्याही खिडकीतच.

याची किंमत कोणी दिली? किनाऱ्याने. गॉसची पुस्तकं वाचून लोक बरण्या, छिन्नी, हातोडे घेऊन रेल्वेने डेव्हनला जाऊ लागले. ओहोटीच्या वेळी खडकांत उरणारी डबकी, त्यातली समुद्रफुलं, प्रवाळ, सगळं उचलून नेऊ लागले. घरी नेलेल्यातलं बहुतेक आठवड्याभरात मरायचं. मग पुन्हा नवीन आणायचं. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मधल्या 'फादर अँड सन' या पुस्तकात लिहिलंय की ती किनारपट्टी पार लुटली गेली, आणि आपल्याच पुस्तकांचा हा परिणाम बघून वडील फार दुःखी झाले. गॉस अत्यंत श्रद्धाळू माणूस होता. त्या डबक्यांत त्याला देवाची करणी दिसायची, ती इतरांनाही दिसावी म्हणूनच त्याने लिहिलं होतं. ज्यावर प्रेम केलं त्याची प्रसिद्धी करून त्यानेच ते संपवायला हातभार लावला. इन्स्टाग्राममुळे गर्दी झालेले सह्याद्रीतले धबधबे आठवून पाहा, म्हणजे त्याचं दुखणं कळेल.

उजेडच शत्रू

आता या आठवड्याभरात मरण्याचं कारण बघू. इथे आपला मूळ प्रश्न पुन्हा येतो.

खिडकीतून उजेड येतो तसं ऊनही येतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच. मासा मात्र गरम पाण्यात जास्त प्राणवायू मागतो. म्हणजे उत्पन्न कमी, खर्च जास्त. दुसरं, उजेड फक्त तुम्ही लावलेल्या वनस्पतीलाच मिळत नाही, शेवाळालाही मिळतो. चार दिवसांत काच हिरवी, आठ दिवसांत पाणी वाटाण्याच्या सुपासारखं. आणि तिसरं, इंगेनहाउझचं वाक्य. रात्री हेच सगळं हिरवं साम्राज्य उलट प्राणवायू खातं. त्यामुळे संध्याकाळी ठणठणीत दिसलेले मासे पहाटे वर तरंगत असायचे.

वॉरिंग्टनच्या हे लवकर लक्षात आलं. त्याने विचार केला की खऱ्या तळ्यात उजेड बाजूने येतच नाही, फक्त वरून येतो. चारही बाजूंनी काच लावणं ही आपली, बघणाऱ्यांची सोय आहे. मग त्याने मागची बाजू तिरपी आणि अपारदर्शक केलेली टाकी बनवली, काच फक्त समोरून. उजेड फक्त वरून. आपण जुन्या चिनी कुंडीकडे अर्धे परत आलो म्हणा ना.

पुढचं पाऊल एडवर्ड आल्फ्रेड लॉइड याने टाकलं. हा स्वतः शिकलेला माणूस, लंडनमध्ये टाक्या आणि समुद्रप्राणी विकायचा. त्याने नुसता उजेडाचा नाद सोडला आणि पाणी फिरवायला सुरुवात केली. हॅम्बुर्गचं मत्स्यालय (१८६४) आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं मत्स्यालय (१८७१) ही त्याची कामं. नेपल्सच्या प्रसिद्ध प्राणिशास्त्र संशोधन केंद्राच्या टाक्यांसाठीही त्याचा सल्ला घेतला गेला. त्याची युक्ती अशी: लोकांना दिसणाऱ्या टाक्या वर, आणि त्यांच्याहून कितीतरी मोठा पाण्याचा साठा खाली, थंड अंधारात. पंपाने पाणी सतत वर-खाली फिरत राहणार. लोकांना दिसतो तो फ्रंटएंड, खरं काम चालतं ते तळघरात. (सर्व्हर रूम थंड का ठेवतात, हे आमच्या लाइनमधल्या लोकांना वेगळं सांगायला नको.)

घरगुती ताप मात्र तोवर उतरला होता. जे. जी. वुड या लोकप्रिय निसर्गलेखकाने १८६८ मध्येच तो येऊन गेल्याचं लिहून टाकलं. खिडकीतल्या हिरव्या टाक्या माळ्यावर गेल्या.

बाप उजेडात, मुलगा अंधारात

लॉइडचं अंधारातलं पाणी चांगलं का राहायचं, याचं पूर्ण कारण त्यालाही माहीत नव्हतं. ते ज्यांनी शोधलं त्यांत एक नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसलो: रॉबर्ट वॉरिंग्टन. म्हणजे तोच? नाही, त्याचा मुलगा. बापाचंच नाव.

हा धाकटा वॉरिंग्टन १८३८ चा. बापाने १८४९ मध्ये ती १२ गॅलनची टाकी भरली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मोठेपणी तो इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. विषय माशांचा नव्हे, जमिनीचा: खतातला अमोनिया जमिनीत नायट्रेटमध्ये कसा बदलतो. १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्यून्ट्झ या दोघा फ्रेंचांनी हे काम सूक्ष्मजीव करतात असं दाखवलं होतं. धाकट्या वॉरिंग्टनने ते पुढे नेलं. हा बदल दोन टप्प्यांत होतो आणि दोन टप्प्यांसाठी दोन वेगवेगळे जीव असावेत, हे त्याच्या कामातून पुढे आलं. ते जीव वेगळे काढून दाखवायचं श्रेय पुढे १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाला मिळालं. धाकट्या वॉरिंग्टनने आणखी एक गोष्ट नोंदवली होती. ही क्रिया अंधारात नीट चालते, उजेडात अडते.

आता हे टाकीला लावून बघा. मासा नुसता कर्बवायू सोडत नाही, अमोनियाही सोडतो, आणि तो विषारी असतो. थोरल्या वॉरिंग्टनच्या हिशोबात प्राणवायू आणि कर्बवायू होते. अमोनियाची निर्गत त्याच्या टाकीत वनस्पती आणि वाळूतले जीवाणू गुपचूप करत होते. सगळं श्रेय खिडकीला गेलं. समीकरणाचा राहिलेला अर्धा भाग तळाशी, अंधारात होता आणि तो सापडला मुलाला, तोही मातीत. त्या दोघांत घरी यावर कधी बोलणं झालं असेल का? बाप १८६७ मध्ये वारला, म्हणजे उत्तर यायच्या आधी दहा वर्षं.

आज दुकानात जो फिल्टर मिळतो, त्यातला स्पंज म्हणजे याच जीवाणूंचं घर. पाणी गाळणं हे त्याचं दुय्यम काम.

भिंतीकडे

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १८६९ मध्ये पिएर कार्बोनिए या फ्रेंच माणसाकडे चीनमधून पॅराडाइज फिश पॅरिसला आले आणि उष्ण प्रदेशातल्या माशांची हौस युरोपात वाढली. त्यांना ऊब लागते, म्हणून टाकीच्या तळाखाली दिवे पेटवायचे उद्योग झाले. मग वीज आली. विजेचा हीटर, विजेचा पंप, ट्यूबलाइट. १९६० च्या दशकापासून सिलिकॉनने नुसत्या काचा जोडता येऊ लागल्या आणि लांबीने भरलेल्या लोखंडी अँगलच्या टाक्या गेल्या.

प्रत्येक शोधाबरोबर टाकी खिडकीपासून थोडी लांब सरकली. हवा पंपातून, उजेड ट्यूबमधून, ऊब हीटरमधून. खिडकीचं काही कामच उरलं नाही. टाकी कुठेही ठेवता येऊ लागली. आणि 'कुठेही' म्हटलं की मग माशाचा प्रश्न संपतो आणि माणसांचा सुरू होतो.

आपल्याकडे टँकची ओळख झाली ती साधारण या टप्प्यावर. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि शाळेच्या सहलींच्या कित्येक पिढ्यांनी मासे पहिल्यांदा बाजूने पाहिले ते तिथे. मग हळूहळू दवाखान्यांच्या वेटिंग रूममध्ये, हॉटेलांच्या गल्ल्याशेजारी आणि शेवटी घरांत. नव्वदीनंतर फेंगशुई आणि वास्तूची पुस्तकं आली आणि टँकला दिशा चिकटली. किती मासे सोनेरी, किती काळे, तोंड कुठे, सगळं ठरलं.

आता आमच्या हॉलचं

आमच्याकडे बाबांचं मत पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. ईशान्य. आमच्या हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात मोठी खिडकी आहे आणि सकाळी दहापर्यंत थेट ऊन येतं. म्हणजे बरोब्बर १८५० चं लंडन, फक्त ऊन पुण्याचं.

मी त्यांना म्हटलं, बाबा, ईशान्येला पाणी हा संकेत विहिरीचा. विहीर कुठल्या दिशेला असावी याची चर्चा वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे, पण काचेची टाकी त्याच्या कल्पनेतही नव्हती. ते म्हणाले, "मला वराहमिहिर माहीत नाही. आपल्या घरची विहीर ईशान्येला होती, एवढं माहीत आहे."

मग गप्पच बसलो. ते कोकणातल्या घराबद्दल बोलत होते. मी ते घर फार लहान असताना पाहिलंय. विहिरीत एक कासव होतं, पाणी स्वच्छ राहावं म्हणून सोडलेलं. वाटण्या झाल्या, घर गेलं, विहीर गेली. बाबा शहरात आल्यापासून भाड्याच्या खोल्यांत राहिले, तिथे नळ जिथे असेल ती ईशान्य. आता पहिल्यांदा स्वतःचं म्हणावं असं घर झालंय (बँकेचं आहे, पण म्हणायला स्वतःचं), तर त्यांना त्यात पाणी योग्य जागी हवंय. या मागणीला जीवाणूंच्या तक्त्याने उत्तर देता येत नाही.

मात्र वजनाचा हिशोब दोघांनाही मान्य होता. ९० बाय ४५ बाय ४५ सेंटीमीटरचा टँक म्हणजे सुमारे १८० लिटर पाणी, म्हणजे १८० किलो. काच, खडी, स्टँड धरून अडीचशेच्या आसपास. हे सगळं ०.४ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६०० किलो. घरगुती स्लॅबचं डिझाइन आपल्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून करतात. घाबरू नका, हा आकडा पूर्ण खोलीभर पसरलेल्या भाराचा असतो, त्यामुळे एवढा टँक नीट बांधलेल्या इमारतीत सहसा चालतो. पण तो खोलीच्या मध्यात नको, तुळईलगत भिंतीशी हवा, आणि जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नकोच.

आमची तुळई उत्तरेच्या भिंतीखालून जाते. तिथे ऊन येत नाही, प्लग पॉइंट हाताशी आहे (वायर आधी खाली लोंबकळून मग वर बोर्डाकडे जाईल अशी ठेवायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली गळतं), पंख्याच्या बटणापासून लांब आहे आणि बादली घेऊन उभं राहायला जागा आहे. ही शेवटची गोष्ट कोणी विचारात घेत नाही. दर आठवड्याला पाणी काढणारा माणूस कुठे उभा राहील? अ‍ॅना थिनच्या घरातल्या त्या मुलीला विचारलं असतं तर तिने हेच आधी विचारलं असतं. आमच्याकडे बादली उचलणार मी, म्हणून मलाही मत होतं.

बाबांनी मोबाइलवरचं होकायंत्र उघडून भिंतीला लावलं, दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "उत्तर चालते. उत्तर कुबेराची." बायको म्हणाली, कुबेराला सांगा हप्त्यांचं बघायला. ठरलं.

टँक भरून आता दोन आठवडे झालेत. त्यात पाणी आहे, फिल्टर चालू आहे, तळाला खडी आहे, थोडा अमोनिया मोजून घातलाय आणि मासे नाहीत. स्पंजमध्ये जीवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोपर्यंत मासे सोडायचे नाहीत. बाबा रोज संध्याकाळी समोर खुर्ची ओढून बसतात आणि रिकामं पाणी बघतात. सोसायटीतले काका परवा आले, म्हणाले, मासे दिसत नाहीत? तर बाबांनी त्यांना दोन वॉरिंग्टनांची पूर्ण गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. फक्त त्यांच्या गोष्टीत ती टाकी उत्तरेच्या भिंतीला होती :-)